अत्तर मनगटावर कसं पारखावं

दुकानात शिशीचं बूच काढायचं, नाकाशी धरायची आणि "छान आहे, द्या" म्हणायचं, ही घाई आधी सोडा. शिशीतला वास वेगळा आणि अंगावरचा वेगळा. अत्तर तेलात असतं, त्यात स्पिरिट नसतं. त्यामुळे ते एकदम उडून जात नाही, अंगाच्या उबेनं हळूहळू उलगडत जातं. पहिल्या दहा मिनिटांत येतो तो वरवरचा वास. खरं अत्तर अर्ध्या-पाऊण तासानं सुरू होतं, आणि ते आपलं आहे की नाही, हे संध्याकाळी कळतं.

माझं ऑफिस फोर्टात आहे. लवकर सुटले तर चालत मोहम्मद अली रोडला जाते आणि मग डोंबिवलीची लोकल पकडते. तिथले माझे नेहमीचे दुकानदार, मी त्यांना चाचा म्हणते, काचेची काडी शिशीत बुडवून हातावर बारीकशी रेघ ओढतात आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतात. "कसं वाटलं?" असं लगेच विचारत नाहीत. मला ही रीत फार योग्य वाटते. जो दुकानदार लगेच पैशांचं बोलतो, त्याच्याकडून मी काही घेत नाही.

पारखायच्या दिवशी अंगाला वासाचा साबण, पावडर, सुगंधी तेल काहीही नको. हात नुसत्या पाण्यानं धुऊन कोरडा करा. जागा निवडा ती हाताच्या आतल्या बाजूची: एक अत्तर मनगटावर, दुसरं कोपराच्या खळग्यात, तिसरं दुसऱ्या मनगटावर. तीनाच्या वर जाऊ नका, चौथ्याला नाक न्याय देत नाही. हळदीकुंकवाला आपण हाताच्या पालथ्या बाजूला अत्तर लावतो. समारंभापुरतं ते छानच, पण पारखायला ती जागा उपयोगाची नाही. एकदा हात धुतला की वास अर्धा गेला. थेंब मोहरीएवढाच हवा. मनगटावर मनगट घासू नका. घासल्यानं ऊब वाढते, वरचा हलका वास भरकन निघून जातो आणि सुरुवात कशी होती हे कळतच नाही.

मग वास घ्या तो चार वेळा: दहा मिनिटांनी, तासाभरानं, दुपारी आणि झोपायच्या आधी. नाक त्वचेला टेकवू नका, चार बोटं अंतर ठेवा. नाक थकलं तर जरा उघड्या हवेत जा किंवा स्वतःच्या धुतलेल्या कपड्याचा वास घ्या. दुकानात कॉफीच्या बिया पुढे करतात त्यांची काही गरज नाही. आणि प्रत्येक वेळी दोन शब्द लिहून ठेवा. "छान", "मस्त" असले शब्द नकोत. "ओली माती", "जुनं कपाट", "पिकलेला फणस" असे हवेत. पंधरा दिवसांनी वहीतलं तेवढंच उपयोगी पडतं.

ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांनी आधी कोपराच्या खळग्यात लावून रात्रभर थांबावं. लालसर झालं, खाज आली, तर ते अत्तर कितीही आवडलं तरी फक्त कापसाच्या फायावर वापरावं.

हे असं का उलगडतं ते कळायला कनौजची पद्धत माहीत असलेली बरी. उत्तर प्रदेशातल्या कनौजला आजही तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी घालून झाकण चिकणमातीनं लिंपतात आणि खाली लाकडं-गोवऱ्यांचा जाळ करतात. वाफ बांबूच्या नळीतून भपका नावाच्या भांड्यात उतरते. भपका गार पाण्याच्या हौदात बुडवलेला असतो आणि त्यात आधीपासून चंदनाचं तेल घातलेलं असतं. फुलांचा वास त्या तेलात मुरतो. त्याच तेलावर रोज नवी फुलं, असं कित्येक दिवस चालतं. म्हणजे गुलाबाचं अत्तर हे गुलाब अधिक चंदन असतं. गुलाब आधी उडतो, चंदन मागे राहतं. चंदन न घालता काढलेल्याला रूह म्हणतात, आणि त्याची किंमत ऐकूनच फरक कळतो. एक किलो गुलाबतेलाला साधारण साडेतीन-चार हजार किलो फुलं लागतात. चंदन महाग झाल्यापासून बऱ्याच ठिकाणी त्याच्या जागी पातळ पॅराफिन किंवा दुसरं बिनवासाचं द्रव्य वापरतात. अंगावर ते ओळखू येतं: फूल उडून गेलं की मागे काहीच उरत नाही, नुसता तेलकटपणा राहतो. म्हणून संध्याकाळचा वास मी सगळ्यात महत्त्वाचा मानते.

सुरुवात करायची तर वाळ्यापासून करा. माठात वाळ्याची जुडी टाकलेलं पाणी प्यायलेल्या माणसाला हा वास समजावून सांगावा लागत नाही. चांगला रूह खस, म्हणजे वाळ्याचा रूह, दाट असतो आणि रंगानं हिरवट. तो हिरवा रंग तांब्याच्या देगेचा. माझ्या मनगटावर तो सुरुवातीला जवळजवळ कडू लागतो, नुकत्याच उपटलेल्या मुळासारखा, मातीसकट. तासाभरानं कडूपणा जातो आणि ओलसर, गार, थोडा धुरकट वास राहतो. रात्री अंघोळ करूनही सकाळी मनगटावर तो पुसटसा असतो. मे महिन्यात लोकलच्या गर्दीत दुसरं कुठलंही अत्तर मला सोसत नाही, वाळा सोसतो. शेजारच्या बाईलाही त्याचा त्रास होत नाही.

मिट्टी अत्तराबद्दल सगळ्यांनाच कुतूहल असतं. भाजलेल्या मातीच्या चकत्या देगेत घालून ते काढतात. पहिल्या पावसाच्या या वासावर दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी 1964 मध्ये लेख लिहिला, पण कनौजकर हा वास त्याच्या कितीतरी आधीपासून शिशीत भरत होते. अंगावर मात्र हे अत्तर फार अबोल आहे. पहिली वीस मिनिटं खरोखर अंगणात पाणी शिंपडल्याचा वास, मग कोरड्या खडूचा, आणि नंतर चंदन. दिवसभर टिकेल ही अपेक्षा ठेवून घेऊ नका. दुपारी पुन्हा एक थेंब लावायचा, ती वीस मिनिटं पुन्हा मिळतात. मला ती पुरतात.

फुलांची अत्तरं सगळ्यात जास्त फसवी. मोगरा शिशीत अगदी गजऱ्यासारखा वाटतो, पण मोगऱ्याच्या वासात इंडोल नावाचं द्रव्य असतं. ते थोडं असलं की फूल जिवंत वाटतं, जास्त झालं की डांबराच्या गोळ्यांकडे झुकतं. माझी त्वचा कोरडी आहे, माझ्यावर मोगरा दोन तास गोड राहतो आणि विझतो. माझ्या बहिणीची तेलकट, तिच्यावर तोच मोगरा दुपारपर्यंत चढत जातो आणि शेवटी कोमेजलेल्या गजऱ्याचा वास देतो. तिला तोच आवडतो. सांगायचं एवढंच, की मैत्रिणीच्या अंगावर आवडलेलं अत्तर आपल्या अंगावर लावून बघितल्याशिवाय घेऊ नका.

केवडा भारतात मुख्यतः ओडिशाच्या गंजाम भागातून येतो. तो पहिला तासभर इतका मोठ्यानं बोलतो की खोलीतल्या सगळ्यांना कळतं. नंतर मधासारखा पातळ होतो. थेंब नको, काडीचं टोक पुरे. बकुळ मात्र अगदी उलट. वाळलेल्या बकुळीचा वळेसर पुस्तकात ठेवला तरी वर्षभर वास देतो, तसंच हे अत्तर: हळू चढतं, कोरडं गोड असतं, आणि संपतानाही ओळखू येतं. कनौजच्या दुकानांत त्याला मौलश्री म्हणतात, त्या नावानं मागा. चाफ्याचं अत्तर वसईच्या ताज्या सोनचाफ्याच्या आशेनं घेऊ नका. अंगावर ते जडसर होतं, पिकल्या फळाकडे जातं. ते वाईट नाही, पण वेगळं आहे.

आता हिना. यावर मी कितीही बोलेन.

आधी एक खुलासा: दुकानात गुलहिना मागितलं तर मेंदीच्या फुलांचं हलकं अत्तर मिळेल. मी म्हणते ते हिना किंवा शमामा म्हणून विकतात ते, काष्ठौषधी आणि मसाल्यांचं. त्यात दगडफूल, नागरमोथा, जटामांसी, कपूरकचरी, लवंग, जायफळ, केशर असं बरंच काही असतं आणि प्रत्येक कारखान्याची कृती वेगळी. आता या यादीकडे मराठी नजरेनं बघा. दगडफूल आपल्या गोड्या मसाल्यात असतं. नागरमोथा, जटामांसी, कपूरकचरी दिवाळीच्या उटण्यात असतात. म्हणजे हिना आपल्याला परकं नाहीच. आपल्या घरात ते दोन वेगवेगळ्या डब्यांत असतं.

म्हणून हिना पारखण्याआधी हे करा. काष्ठौषधीच्या दुकानातून थोडं दगडफूल आणि थोडा नागरमोथा आणा. दगडफूल तळहातावर चुरडा आणि वास घ्या: कोरडा, शेवाळी, जरा धुळीचा. नागरमोथा ठेचून घ्या: मातकट, थोडा कापरासारखा. हे दोन वास नाकात पक्के झाले की मग मनगटावर हिना लावा. सुरुवातीला औषधाच्या जुन्या दुकानात शिरल्यासारखं होईल, आणि बरेच लोक इथेच तोंड फिरवतात. थांबा. तासाभरानं लवंग-जायफळाची ऊब येते आणि तिच्या मागून दगडफूल, अगदी स्पष्ट. मसाला भाजताना कढईतून येतं तेच, फक्त खोबऱ्याशिवाय. चार तासांनी धार जाते, गोडवा येतो. रात्री जे उरतं ते चंदन आणि थोडासा धूर, आणि ते माझ्या मते अत्तरांतलं सगळ्यात सुंदर उरणं आहे. माझी आई थंडीत हिन्याचा फाया कानाच्या पाळीमागे ठेवायची. नोव्हेंबर ते जानेवारी मी तेच करते. उन्हाळ्यात मात्र हिना नको, डोकं धरतं. आणि पांढऱ्या कपड्यावर, रेशमावर लावू नका, तपकिरी डाग पडतो तो निघत नाही.

आपल्याकडचं ऊद मुख्यतः आसामचं. अगरूच्या झाडाला बुरशी लागली की त्याच्या गाभ्यात काळपट राळ साठते, तिचं हे तेल. लाकडाचे तुकडे आधी पाण्यात भिजवून आंबवतात, त्यामुळे आसामी ऊद लावल्याबरोबर गोठ्यासारखा आणि चामड्यासारखा वास येतो. पहिल्यांदा लावणाऱ्यानं हे आधीच माहीत करून घ्यावं आणि घाबरू नये. तासाभरानं गोठा जातो, मग गोड लाकूड, मग धूप. पण माझा आग्रह आहे की ऊद लोकलमध्ये, दवाखान्यात, परीक्षेच्या वर्गात लावून जाऊ नये. घरी, सुट्टीच्या संध्याकाळी लावावा.

कस्तुरीबद्दल थोडक्यात. कस्तुरीमृगाची शिकार आणि कस्तुरीचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार बंद आहे. दुकानातली कस्तुरी म्हणजे कृत्रिम द्रव्य किंवा कस्तुरीभेंडीच्या बियांचं तेल. दोन्ही वापरायला हरकत नाही. खरी आहे म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर निघून या. एखादी कस्तुरी तुम्हाला अजिबात जाणवली नाही आणि शेजारच्याला जोरदार आली, तर नाकात दोष आहे असं समजू नका. कस्तुरीची काही द्रव्यं कित्येकांना येतच नाहीत. अशा वेळी दुसऱ्याकडून वास घेऊन घ्या आणि कमीच लावा.

निव्वळ चंदन शेवटी पारखा, कारण ते सगळ्यात हळू बोलतं. सहाणेवर उगाळलेल्या चंदनाला एक तिखट, ओला वास असतो. तेलात तो नसतो, तिथे दुधाळ मऊपणा असतो. मधेच वास गेला असं वाटतं आणि दहा मिनिटांनी परत येतो. गेला म्हणून पुन्हा पुन्हा लावत बसू नका.

विकत घेताना तोळा घेऊ नका. तोळा म्हणजे साडेअकरा ग्रॅमच्या वर, आणि अत्तर थेंबानं संपतं. तीन मिलिलिटरची शिशी मिळते, ती पुष्कळ. काचेचीच घ्या, प्लास्टिकची नको, आणि उन्हापासून दूर, कपाटात ठेवा. दोन अत्तरं एकत्र लावायची असतील तर जड आधी, हलकं नंतर. वाळा लावून पाच मिनिटांनी त्यावर गुलाब, हे मी लग्नाकार्यात लावते. गुलाब एकटा दोन तास राहतो, वाळ्यावर दुपारपर्यंत. हिन्यावर बकुळही बसते. ऊदावर मोगरा लावून बघितलेला मला आवडला नाही, पण माझ्या बहिणीला आवडतो आणि तिच्या अंगावर तो खरंच शोभतो.