जुना नॅस नव्या संगणकावर दिसत नसेल तर
नव्या संगणकावर घरचा जुना नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेली, फाइल साठवण्याची डिस्कपेटी) दिसेनासा झाला, तर डिस्क गेली असे समजून लगेच बेळगावचे दुकान गाठू नये. बहुधा अडचण एसएमबी या फाइल शेअरिंगच्या प्रोटोकॉलच्या आवृत्तीची असते. २०१७ च्या अखेरीपासून नव्याने बसवलेल्या विंडोज १० मध्ये जुने नॅस बहुधा वापरतात ते एसएमबी १ सहसा बंद असते. ते पुन्हा चालू करणे सोपे आहे, पण वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच वाटेने पसरला होता. त्यापेक्षा नॅसच्या सेटिंगमध्ये किमान एसएमबी २ निवडावे. तो पर्याय नसल्यास आपल्या नॅसच्या नेमक्या मॉडेलचे फर्मवेअर (त्याच्या आतले मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करावे. त्याआधी बॅकअप घ्यावा आणि नॅस यूपीएसवर जोडावा, खानापूरकडच्या आषाढी पावसात तर नक्कीच, कारण अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली तर नॅस पुन्हा चालू होईलच असे नाही.