खुरपणी-कोळपणीत जखम झाली तर: धनुर्वाताची सुई कधी घ्यावी, त्रास किती होतो

तण काढताना खुरपं लागतं, शेणखत पसरताना काटा रुततो. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात वर्षानुवर्षे तग धरून राहतात, त्यामुळे खिळा गंजलेला नसला तरी धोका आहेच. भळभळणाऱ्या जखमेपेक्षा खोल गेलेला काटा जास्त घातक, कारण आत हवा पोचत नाही आणि हे जंतू अशाच जागी वाढतात.

जखम आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने, मातीचा कण राहणार नाही अशी धुवा. माती, शेण, राख अजिबात लावू नका. आत मोडलेला काटा दवाखान्यातच काढून घ्या.

सुई लागणार की नाही, हे मागच्या डोसच्या तारखेवर ठरतं. आधी किमान ३ डोस झालेले असतील, तर किरकोळ स्वच्छ जखमेला १० वर्षांपर्यंत नवी सुई लागत नाही; मातीने माखलेल्या किंवा खोल जखमेला ही मुदत ५ वर्षं. डोस अपुरे असतील किंवा आठवतच नसतील आणि जखम घाण असेल, तर लसीबरोबर अंगावर दुसऱ्या जागी इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांची, म्हणजे लगेच संरक्षण देणारी सुई) द्यावं लागतं, कारण लसीने प्रतिकारशक्ती तयार व्हायला वेळ लागतो. मग ४ आठवड्यांनी दुसरा आणि त्यानंतर ६ महिन्यांनी तिसरा डोस. बहुतेक जण इथेच चुकतात: पहिली सुई घेतात, पुढच्या विसरतात. म्हणून तारीख लिहून ठेवा, गड्यांची आणि मजूर बायांचीसुद्धा.

दर खरचटण्याला सुई मागू नका. वरचेवर घेतली तर काही तासांतच दंड खांद्यापासून कोपरापर्यंत सुजू शकतो.

एरवी दंड दुखणं, लाली, थोडी सूज, कणकण हे २-३ दिवसांत ओसरतं. जागा चोळू नका, थंड पट्टी ठेवा, हात हलता ठेवा. गरज पडली तर पॅरासिटामॉल चालतं. अंगावर गांधी, चेहऱ्याला सूज, धाप, चक्कर अशी तीव्र ॲलर्जी क्वचितच येते, पण बहुधा काही मिनिटांतच. म्हणून सुईनंतर अर्धा तास दवाखान्यातच बसा. आधीच्या सुईला असा त्रास झाला असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

जखमेनंतर साधारण ३ ते २१ दिवसांत जबडा आखडला, गिळता येईना, मान किंवा पाठ ताठरली, तर तो सुईचा त्रास समजून घरी थांबू नका. तडक मोठ्या रुग्णालयात न्या, जखम भरलेली दिसत असली तरी.