ऑब्झर्व्हरचा वेगळा क्लास कशाला? लॅम्डानं भागतं
सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे भाव दाखवणारं छोटं अँड्रॉइड अ‍ॅप मी कोटलिनमध्ये लिहिलं. भाव बदलला की स्क्रीनवरचा आकडा बदलायचा, एवढंच काम. त्यासाठी ऑब्झर्व्हरचा, म्हणजे बदलावर नजर ठेवणाऱ्या ऑब्जेक्टचा, अख्खा क्लास लिहून बसलो होतो. लाइव्हडेटाच्या (किंमत बदलली की कळवणारा डेटा) ऑब्झर्व्हरला ‘ऑनचेंज्ड’ ही एकच मेथड असते, म्हणून क्लासऐवजी लॅम्डा, म्हणजे बिननावाचं छोटं फंक्शन, चालतं. ‘ऑब्झर्व्ह’ला लाइफसायकल ओनर (ज्याच्या आयुष्यापुरतं ऐकायचं तो स्क्रीनचा घटक) द्यायचा आणि पुढच्या महिरपी कंसात थेट काम लिहायचं, नवा भाव ‘इट’ नावानं हातात येतो. फ्रॅगमेंटमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या एका स्वतंत्र तुकड्यात, ओनर म्हणून ‘व्ह्यूलाइफसायकलओनर’च द्या.

खोच आहे ती ‘ऑब्झर्व्हफॉरएव्हर’मध्ये. याला ओनर नसतो, ऑब्झर्व्हर आपणच काढावा लागतो. तिथं लॅम्डा दिला आणि ‘रिमूव्हऑब्झर्व्हर’मध्ये तीच ओळ पुन्हा लिहिली, तर जुना ऑब्झर्व्हर निघतच नाही, कारण ही दोन वेगळी ऑब्जेक्ट. यात माझी एक संध्याकाळ गेली, समोरचं भडंग सादळलं ते वेगळंच. लॅम्डा आधी ऑब्झर्व्हर टाइपच्या ‘व्हॅल’मध्ये (न बदलणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) धरून ठेवा आणि तोच दोन्हीकडे द्या. नुसत्या फंक्शन टाइपचा ‘व्हॅल’ नको. त्याला दर वेळी ऑब्झर्व्हरचं नवं वेष्टन चढतं.

टाइप केलेल्या मजकुरावर नजर ठेवणाऱ्या टेक्स्टवॉचरला मेथड तीन, तिथं थेट लॅम्डा चालत नाही. केटीएक्स या अँड्रॉइडच्या कोटलिन लायब्ररीतलं ‘डूआफ्टरटेक्स्टचेंज्ड’ वापरा.