किराणा महिनाभर पुरत नाही? मग या चुका टाळा

बेळगावच्या शहापूर-वडगाव भागात किराणा दुकान चालवताना एक गोष्ट रोज दिसते. गिऱ्हाईक गल्ल्यापाशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालतं आणि घरी शे-दोनशेचं धान्य किड्यांना घालतं. विणकरांचे माग बंद असतात, पगार लांबतो, हात आखडता घ्यावा लागतो हे मलाही कळतं, उधारीची वही माझ्याकडेच असते. पण काही घरांत डबे वीस तारखेलाच खडखडतात, ते महागाईपेक्षा घरातल्या सवयींमुळे. त्याच त्या चुका बघून कंटाळा आलाय, म्हणून लिहितोय.

पावसाच्या तोंडावर पोतं उचलणं

रविवार पेठेत ठोकीत घेतलं की पोत्यामागं थोडे पैसे सुटतात, खरं आहे. पण बेळगावचा पाऊस, त्यात खानापूरकडचा तर विचारूच नका. भिंती ओल धरतात, मीठ पाझरतं, तिथं पन्नास किलो गहू ठेवणार कुठं?

वडगावातल्या एका विणकर दादाची गोष्ट सांगतो. थकलेली मजुरी एकदम हातात आली, तसं त्यानं गव्हाचं पोतं, जोंधळा आणि तूरडाळ सगळंच एका फेरीत आणलं. ‘आता दिवाळीपर्यंत बघायला नको की!’ मी म्हटलं, आधी नीट ऊन दाखव. त्यानं दाखवलं, एकच दिवस. चार वाजता आभाळ भरून आलं तसं गच्चीवरचे गहू गरम गरमच पिंपात ओतले आणि झाकण घट्ट लावलं. पिंपाच्या तळाला मागच्या वर्षीचे दोन-चार मुठी गहू तसेच पडलेले होते.

श्रावणात वैनी पदरात मूठभर गहू घेऊन दुकानात आल्या. वरून दाणा चांगला, बोटांत दाबला की पीठ. सोंडकिडा दाण्याला भोक पाडून आत अंडं घालतो आणि भोक बुजवून टाकतो, त्यामुळे बाहेरून काहीच कळत नाही. उबदार, दमट हवेत महिना-सव्वा महिन्यात नवी पिढी बाहेर पडते. गरम धान्याला बंद पिंपात घाम सुटला, तळाच्या जुन्या गव्हात कीड आधीच होती, मग काय राहिलं?

पुढचं ऐका. दादा धान्यात टाकायची गोळी आणायला निघाले होते, कुणीतरी सांगितलं म्हणून. ती गोळी म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलाव्यानं तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो आणि तो माणसालाही मारतो. ती गोदामासाठी असते, तीही जाणत्या माणसाच्या हातानं. इथं पिंपाशेजारी पोरं झोपतात! मी त्यांना दुकानात बसवून चहा पाजला, पण जाऊ दिलं नाही. निम्मं पोतं शेवटी कोंबड्यांना गेलं.

माझी पद्धत अशी. मृग लागायच्या आधी दोन कडक उन्हं, तीही पातळ थर पसरून. संध्याकाळी घरात आणून धान्य रात्रभर पसरून ठेवायचं आणि सकाळी गार झाल्यावर भरायचं. दाताखाली दाणा कट्टकन वाजला पाहिजे, चेपला तर अजून एक ऊन. पिंप आधी पूर्ण रिकामं करून पुसायचं, वाळवायचं, जुन्यावर नवं कधी ओतायचं नाही. वाळलेला कडुलिंबाचा पाला मधेमधे. तूरडाळीला एरंडेलाचा हात, डाळ चमकेल इतकाच. आणि कोरडी जागा नसेल, एवढं करायला सवड नसेल, तर पावसाळ्यात पंधरा दिवसांचंच घ्या. किलोमागं दोन रुपये जास्त गेले तर जाऊ देत. माझा फायदा होतो म्हणून सांगत नाही. बरं, थोडा होतोही.

रेशनच्या तांदळातला ‘प्लास्टिकचा’ दाणा

कर्नाटक सरकारची रेशनची अन्नभाग्य योजना 2013 साली सुरू झाली, तेव्हापासून या तांदळाला नावं ठेवणं चालूच आहे. अलीकडं नवीन खूळ आलंय. तांदूळ धुताना काही दाणे पाण्यावर तरंगतात, रंगानं किंचित वेगळे दिसतात, म्हणून बायका ते वेचून फेकतात. काही जण तर मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवत सगळाच तांदूळ दारावर येणाऱ्याला मातीमोल विकतात आणि त्याच पैशांत जेमतेम चार दिवसांचा सोनामसुरी नेतात. रेशन विकणं बेकायदा आहे ते वेगळंच.

तो दाणा प्लास्टिकचा नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी 12 मिसळून यंत्रावर दाण्याचा आकार देतात आणि साध्या तांदळात साधारण शंभरास एक या प्रमाणात घालत आलेत. म्हणजे सरकारनं फुकट दिलेलं टॉनिक आपण मोरीत ओततो.

भात आवडत नसेल तर भात करू नका. आमच्या घरी या तांदळाचे डोसे आणि आंबोळ्या होतात, थोडा दळून भाकरीला वापरतो. साध्या भाताला विकतचा. दोन्ही तांदळांचे डबे वेगळे ठेवले की विकतचा किती दिवस पुरतो ते स्वतःच बघा.

बाकीच्या चुका

जोंधळा महिन्याचा एकदम दळून आणणं. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी तव्यावर तुटते, मग पोरं खात नाहीत आणि ताटात उरते. आठ-दहा दिवसांपुरतंच दळा. विरी गेलेलं पीठ घरात असेलच तर उकळत्या पाण्यात मळा.

सुगीतला नवा तांदूळ स्वस्त म्हणून आणला की लगेच शिजवणं. नवा तांदूळ गिच्च होतो, फुगत नाही. तेवढ्याच वाटीत जुना तांदूळ जास्त माणसांना पुरतो.

डाळीत चिंच-आमसूल आधीच टाकणं. आंबटानं डाळ लवकर शिजत नाही, गॅस मात्र जळतो. शिजल्यावर घाला. हुलगे, मसूर रात्री भिजवा. आणि हुलग्याचं शिजवलेलं पाणी ओतून देणाऱ्यांशी मला बोलायचंच नाही. त्या कटाला लसणाची फोडणी दिली की एका वेळचं कालवण होतं.

बाजार उठताना भाजी स्वस्त मिळते म्हणून पिशवीभर मेथी आणणं. निवडायला तुमच्याकडं वेळ आहे का?

तेलाची पुडी आकार बघून उचलणं. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. शेजारची पुडी तेवढीच दिसते, पण आत 850 मिली असू शकतं. पाकिटावर आता एका ग्रॅमचा किंवा मिलीचा भाव छापलेला असतो, किलो-लिटरवरच्या मालाला किलो-लिटरचा. तो वाचा. ‘एकावर एक फुकट’ नंतर वाचा.

महिना-अखेरीला तांदूळ संपणं. आमची आई रोज वैरायच्या तांदळातून एक मूठ काढून वेगळ्या डब्यात टाकायची. अजून टाकतो आम्ही.

हल्ली नवी लग्न झालेली पोरं येतात, ‘काका, हजार रुपयांत महिन्याचा किराणा बसवून द्या की.’ कुठल्यातरी रीलमध्ये बघितलेलं असतं. मी विचारतो, घरात एका वेळी किती वाटी तांदूळ शिजतो, किती उरतो? माहीत नसतं. मग सांगतो, आठवडाभर वाटीनं मोजून कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन या. बरेच जण तोंड वाकडं करून जातात आणि दुसऱ्या दुकानातून बिस्किटांचे पुडे नेताना दिसतात. कागद घेऊन येतात त्यांची यादी पाच मिनिटांत होते.