‘काही करत नाही हो तो’ म्हणण्याआधी

लिफ्टचं दार उघडतं, आत कुत्रा बघून बाहेरची बाई दचकते, आणि पट्टा धरलेला माणूस ठरलेलं वाक्य म्हणतो, ‘काही करत नाही हो तो.’ या वाक्याचा खरा अर्थ ‘अजून काही केलेलं नाही’ इतकाच असतो. पाळीव कुत्रा सहसा एकदम चावत नाही. तो आधी सांगतो, आपल्याला ते कळत नाही. पण सगळंच कळेल अशी खात्रीही कुणी देऊ शकत नाही. म्हणून दोन्ही कामं एकत्र करायची. कुत्रा काय सांगतोय ते बघायला शिकायचं, आणि जे दिसणार नाही त्यासाठी पट्टा, दार आणि मझल (कुत्र्याच्या तोंडाला लावायची जाळी) यांची सोय आधीच करून ठेवायची.

चावण्याआधी काय दिसतं

सुरुवात बारीक असते. कुत्रा मान वळवतो, समोर खाणं नसताना ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो. मग कान मागे जातात, वजन मागच्या पायांवर जातं, डोळ्याच्या कडेला चंद्रकोरीसारखा पांढरा भाग दिसतो. त्यानंतरची खूण सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त निसटणारी: तो गोठतो. किंचित उघडं असलेलं तोंड मिटतं, अंग ताठ होतं, नजर एका जागी थांबते. हे सगळं सेकंदा-दोन सेकंदांचं. पुढे गुरगुर, दात दाखवणं, हवेतला चावा आणि मग खरा चावा. प्रत्येक कुत्रा या सगळ्या पायऱ्या चढतोच असं नाही.

शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे, हा समज सोडा. कमरेपासून अख्खं अंग सैल हलत असेल तर खूश. शेपूट उंच, ताठ आणि फक्त टोक भराभर हलत असेल तर तो तणावात आहे.

गुरगुरल्याबद्दल मारू नका, ओरडूही नका. गॅसचा वास येतोय म्हणून नाक दाबून बसण्यासारखं आहे ते. मार खाल्लेला कुत्रा घाबरणं थांबवत नाही, फक्त सांगणं थांबवतो. पुढच्या वेळी न गुरगुरता चावतो आणि घरचे म्हणतात, ‘काही कारण नसताना चावला.’ गुरगुर ऐकली की जे चाललंय ते थांबवा, दोन पावलं मागे व्हा, आणि नेमकं कशामुळे झालं ते लिहून ठेवा.

तरीही ‘एकदम’ का होतं

एक कारण म्हणजे दिवसभराची साठवण. सकाळी गल्लीतल्या कुत्र्यांनी अंगावर धाव घेतली, दुपारी चारदा बेल वाजली, संध्याकाळी पाहुणे आले, आणि रात्री मुलाचा पाय शेपटीवर पडला. रोज सहन होणारी शेवटची गोष्ट त्या दिवशी सहन होत नाही. अशा दिवसानंतर शरीर शांत व्हायला कधी तास लागतात, कधी एक-दोन दिवस. तेवढा काळ गर्दीतला फेरा टाळा, बंद खोलीत शांतता द्या, चघळायला काहीतरी द्या.

दुसरं कारण दुखणं. कानातला संसर्ग, किडलेला दात, खुब्याचा सांधा, गोचिडांमुळे येणारा ताप, म्हातारपणी कमी झालेली दृष्टी किंवा ऐकू येणं. पाच वर्षं शांत असलेला कुत्रा पंधरा दिवसांत बदलला तर ट्रेनरच्या आधी पशुवैद्य.

तिसरं कारण मुळातलं आहे. दख्खनचा कारवानी जातीचा शिकारी कुत्रा, ससा दिसला की त्याच्यामागे पळण्यासाठीच पोसला गेला. त्याला मोकळ्या मैदानात सोडून, मांजर पळताना दिसल्यावर ‘ये’ म्हटलं की येईल अशी अपेक्षा ठेवणं म्हणजे पट्टा न लावण्याचं निमित्त.

घरात

‘खाताना वाडग्यात हात घालायचा, म्हणजे सवय होते’ हा सल्ला घरोघरी मिळतो आणि त्यानेच बरेच कुत्रे वाडग्याची राखण करायला, जवळ येणाऱ्यावर गुरगुरायला शिकतात. उलट करा. तो खात असताना सहा-सात फुटांवरून जा, उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा बोटभर तुकडा त्याच्याकडे टाका आणि पुढे निघा. दिवसाला चार-पाच वेळा, बस. तुम्हाला बघून तो वाडग्यावर वाकण्याऐवजी मान वर करून वाट बघायला लागला की अंतर अर्ध्या फुटाने कमी करा. अंग ताठ झालं किंवा भराभर गिळायला लागला तर तुम्ही घाई केलीत, पुन्हा मागे जा. पळवलेला मोजा हिसकावू नका, त्याहून चांगलं काही देऊन अदलाबदल करा. कुत्रा आधीच चावू पाहत असेल तर हे एकट्याने करू नका, जाणकार ट्रेनरसोबत करा.

लहान मुलांना अनेकदा ओळखीचाच कुत्रा चावतो, आणि उंचीमुळे चावा चेहऱ्यावर बसू शकतो. नियम मोजके ठेवा: झोपलेल्या कुत्र्याला उठवायचं नाही, मिठी मारायची नाही, तो खाताना किंवा त्याच्या जागेवर असताना जवळ जायचं नाही. मोठं माणूस एक हात अंतरावर नसेल तर मूल आणि कुत्रा यांच्यामध्ये बंद दार हवं. स्वयंपाकघरातून ‘लक्ष आहे माझं’ म्हणणं म्हणजे लक्ष नव्हे.

दाराबाहेर

पट्टा दीड ते दोन मीटरचा, साधा, जाड नायलॉनचा. आपोआप लांबणारा दोरीचा पट्टा नको: कुत्रा पाच मीटर पुढे असताना तुम्ही त्याला वेळेत थांबवू शकत नाही, आणि ती बारीक दोरी बोट कापते. गळपट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत. ढिला असेल तर घाबरलेला कुत्रा मागे सरकून डोकं काढून घेतो.

लिफ्ट रिकामी मिळेपर्यंत थांबा. आत कुत्रा मागच्या कोपऱ्यात, तुम्ही त्याच्या आणि दाराच्या मध्ये. कुणी चढायला आलं तर ‘पुढच्या लिफ्टने या’ म्हणू नका, शक्य असेल तर स्वतः उतरा. बेल वाजली की आधी कुत्रा आतल्या खोलीत, मग दार. पार्सल देणाऱ्याला कुत्र्याची परीक्षा द्यायला लावू नये.

दिवाळीत फिरणं अंधार पडायच्या आत उरकायचं, आणि हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) व गळपट्टा दोन्हींना पट्टे लावायचे. फटाक्याने बिथरलेला कुत्रा मैलोन्मैल पळतो. भीती फार असेल तर औषधाबद्दल डॉक्टरांशी आधीच बोला, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नव्हे.

मझल ही शिक्षा नाही

जाळीचं, टोपलीसारखं मझल घ्या. त्यात तोंड पूर्ण उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत, पाणी पिता आलं पाहिजे. तोंड घट्ट आवळणारं कापडी मझल फिरायला नेताना वापरू नका. कुत्रा धापा टाकूनच अंग थंड ठेवतो, आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते जिवावर बेतू शकतं.

सवय आठ-दहा दिवसांत लावा. पहिले दोन दिवस मझल वाटीसारखं धरून आत खाऊ ठेवायचा, तोंड त्याने स्वतः घालायचं. मग जाळीतून खाऊ देत पाच, दहा, तीस सेकंद. नंतर पट्टी लावून लगेच सोडायची. पुढे घरात पाच मिनिटं, शेवटी बाहेर. पंजाने ओरबाडू लागला तर एक पायरी मागे. डॉक्टरकडे जखम दाखवायची वेळ आली की या मेहनतीचं मोल कळतं, कारण वेदनेत सगळ्यात गरीब कुत्राही चावतो.

दोन कुत्रे जुंपले तर मध्ये हात घालू नका. खुर्ची, फळी किंवा पाण्याची बादली वापरा.

चावलाच तर

जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. नंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा. हळद, तिखट, चुना काहीही नको. त्याच दिवशी दवाखाना. लस साधारणपणे ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी दंडात देतात, कातडीत देण्याच्या पद्धतीत ०, ३, ७ आणि २८ व्या. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून दवाखाना टाळायचा नाही.

कुत्रा १० दिवस घरात बांधून, खाऊपिऊ घालून नजरेखाली ठेवा. तो धडधाकट राहिला तर चावताना त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता, आणि पुढच्या डोसांचं डॉक्टर त्यावरून ठरवतात. म्हणून त्याला कुठेतरी सोडून देणं चावा खाल्लेल्या माणसावरही अन्याय आहे. आणि कायदाही आहे: जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका असताना पुरेशी काळजी न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कुत्र्याला रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांच्या वयात, नंतर डॉक्टर सांगतील त्या वेळी बूस्टर. लसीच्या कार्डाचा आणि महापालिकेच्या परवान्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. दवाखान्यातला पहिला प्रश्न त्याचाच असतो.