विहिरीत लाव्हाचे थर कसे मोजायचे

भूगोल शिकवून मी निवृत्त झालो, तरी पोरं अजून विचारतात, "सर, आपल्याकडं ज्वालामुखी कुठंय?" मी त्यांना अंबाजोगाईजवळच्या आमच्या विहिरीवर नेतो.

वैशाखात जा, तेव्हा पाणी तळाला गेलेलं असतं. विहीर न बांधलेली पाहिजे. आमची सात परस खोल आहे (परस म्हणजे पुरुषभर उंची). सकाळचं ऊन समोरच्या कडेवर आलं की काठावरूनच वरून खाली वाचत जा. आत उतरायचं नाही.

वर काळी माती, मग मुरूम. दोन्ही खडक झिजूनच झालेले. त्याखाली काळा पाषाण, म्हणजे थिजलेला लाव्हाच. आमच्याकडं इथं सुरुंगावर सुरुंग उडवले, पण पाण्याचा टिपूस नाही. घट्ट पाषाणात पाणी मुरायला जागाच नसते. वडील त्या वर्षी कुणाशी धड बोलले नाहीत.

पाषाण संपला की हातभर लाल पट्टा दिसतो, आम्ही त्याला गेरू म्हणतो. खरी गंमत इथं आहे. खालचा लाव्हा थंड झाला, ऊनपाऊस खाऊन त्याच्या माथ्याची माती झाली, आणि मग तिच्यावर नवा लाव्हा पसरला. मधे किती काळ गेला असेल!

पट्ट्याखालचा खडक भोकाभोकांचा असतो. लाव्हातला वायू बुडबुडे होऊन वर चढतो आणि लाव्हा थिजताना माथ्याशीच अडकतो. पुढं त्या भोकांत पांढरी खनिजं भरली. उपशाच्या ढिगात चमकतात ती हीच. म्हणजे भोकं दिसली की समजा, जुन्या थराचा माथा आला. गेरू सगळीकडं नसतो, तेव्हा भोकांवरूनच मोजा. आमच्या विहिरीत तीन थर निघतात.

ज्वालामुखीचा सुळका शोधत बसू नका. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा मुख्यतः जमिनीच्या लांबच लांब भेगांतून वाहिला. वेरूळची लेणी याच खडकात कोरलीत. (लोणार मात्र उल्केच्या आघातानं झालंय, दरवर्षी कुणीतरी वाद घालतंच.)

पावसाळ्यात काठावर जाऊ नका. पाणी पिऊन जड झालेला मुरूम पाषाणावरून घसरतो. डोंगरउतारावर हेच मोठ्या प्रमाणात झालं की दरड कोसळते. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातलं माळीण असंच गाडलं गेलं.

परतताना ओढ्याच्या वाळूत चुंबक फिरवा. काळे कण चिकटतील, तेही या खडकातलेच. चुंबक आधी पिशवीत गुंडाळा, नाहीतर कण निघता निघत नाहीत.