लेन वाढवण्याआधी तोंडं मोजा: किनाऱ्यावरच्या काउंटीचं महामार्ग नियोजन

अमेरिकेतल्या किनाऱ्यावरच्या काउंटीत नव्या वसाहती उभ्या राहिल्या की पहिली मागणी येते ती चार लेनच्या सहा करा अशी. हा पर्याय यादीत शेवटी ठेवा. समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याला तीन गोष्टी नडतात: हंगामी गर्दी, रस्त्याला जागोजागी फुटलेली तोंडं (दुकानं-वसाहतींतून थेट रस्त्यावर उतरणाऱ्या वाटा) आणि पाणी. डांबराची रुंदी वाढवून यातली पहिली अडचण थोडीफार हटते, उरलेल्या दोन तशाच राहतात.

मोजणी

वर्षाची सरासरी दैनंदिन वाहतूक हा आकडा इथे फसवा असतो. आठवड्याच्या बोलीवर दिलेली समुद्राकाठची घरं बहुधा शनिवारी रिकामी होऊन त्याच दिवशी भरतात. त्यामुळे जुलैतला शनिवार आणि फेब्रुवारीतला मंगळवार हे जणू दोन वेगळे रस्ते असतात. वर्षभर चालणारं एक तरी कायमचं मोजणी केंद्र हवंच. त्याच्या जोडीला मुख्य चौकांवर हंगामात आणि हंगामाबाहेर ४८-४८ तासांच्या मोजण्या घ्या, वळणाऱ्या गाड्या वेगळ्या मोजून.

मग वर्षाचे ८,७६० तास वाहतुकीच्या उतरत्या क्रमाने लावा. रस्त्याच्या संकल्पनासाठी (डिझाइनसाठी) त्यातला ३० वा तास धरायची जुनी रीत आहे, कारण साध्या रस्त्यावर तिथून पुढे आलेख सपाट होत जातो. पर्यटनाच्या रस्त्यावर तो बराच पुढेपर्यंत उतरत राहतो. म्हणून ५० वा आणि १०० वा तासही तपासा. नाहीतर मोजक्या शनिवारांसाठी बांधलेला रस्ता उरलेलं वर्ष ओस पडलेला दिसेल.

पुढच्या वाढीसाठी नुसता टक्का लावू नका. मंजूर झालेल्या पण अजून न बांधलेल्या भूखंडांची यादी नियोजन खात्याकडून मागवा. एका स्वतंत्र घरामागे दिवसाला साधारण ९ ते १० फेऱ्या धरतात, म्हणजे ६०० घरांची वसाहत साडेपाच-सहा हजार फेऱ्या घेऊन येते, आणि त्या बहुतेक एकाच चौकात उतरतात.

एक चौक जवळून

दिवसाला ३०,००० वाहनं, त्यातली १० टक्के गर्दीच्या तासात, आणि त्या तासातली ६० टक्के एकाच दिशेला. म्हणजे तासाला १,८००. अवजड वाहनांची वजावट करून एक लेन अखंड हिरव्या दिव्यावर तासाला साधारण १,८०० गाड्या सोडते, असं धरू. पण आडवे रस्ते आणि डावी वळणं (अमेरिकेत गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून डावं वळण समोरची वाहतूक कापतं) आपला वाटा घेतात, आणि सरळ वाहतुकीला सिग्नलच्या चक्राचे ४५ टक्केच मिळतात. दोन लेनमधून सुटतात १,६२०. तासाअखेर १८० गाड्या मागे राहतात. गाडीला २५ फूट धरले तर प्रत्येक लेनमध्ये सव्वादोन हजार फुटांची रांग होते. ती मागच्या चौकात शिरली की तिथला हिरवा दिवाही वाया जातो.

आता आडव्या रस्त्यावरून सरळ पलीकडे जाणं आणि डावीकडे वळणं बंद करा. त्या गाड्या आधी उजवीकडे वळतील आणि थोड्या अंतरावर दुभाजकातून यू-टर्न घेतील. सिग्नलचे टप्पे दोनच उरतात, मुख्य रस्त्याला ६० टक्के हिरवा मिळतो आणि त्याच दोन लेनमधून २,१६० गाड्या जातात. साध्या चौरस्त्यात वाहनांचे ३२ संघर्षबिंदू (गाड्यांच्या वाटा एकमेकींना छेदतात, मिळतात किंवा फुटतात त्या जागा) असतात, या रचनेत १४. वर्षाला २ टक्के वाढ धरली तर ही क्षमता सुमारे ९ वर्षं पुरते, ३ टक्क्यांना सहा. तेवढ्यात रुंदीकरणाची जमीन आणि परवाने हाती येऊ शकतात. यू-टर्नच्या जागी मोठ्या ट्रकला वळायला जास्तीचा फरसबंद कोपरा लागतो. तो विसरला तर ट्रक साईडपट्टी उखडतात.

दुकानांची तोंडंही मोजा. शेजारच्या दुकानांना वाहनतळातून एकमेकांत जाता येईल अशी सोय केली तर निम्मी तोंडं बंद करता येतात. शहरी-निमशहरी मोठ्या रस्त्यांवर अशा प्रवेशनियंत्रणाने प्राणघातक आणि इजेचे अपघात २५ ते ३१ टक्क्यांनी घटतात, असं संघीय महामार्ग प्रशासन सांगतं. दुकानदारांचा विरोध होणारच. जनसुनावणीला नुसता नकाशा नेऊ नका, प्रत्येक दुकानापर्यंत पोचायचा नवा मार्ग काढून दाखवा.

पाणी

रस्त्याची उंची ठरवताना आजच्या भरतीवर विसंबू नका. २०२२ च्या संघीय अहवालात २०५० पर्यंत अमेरिकी किनाऱ्यावर समुद्रपातळी सरासरी १० ते १२ इंच चढेल असा अंदाज आहे. पावसाळी नळांची समुद्राकडची तोंडं आधी बुडतात, मग निरभ्र दिवशीही उधाणाला रस्त्यावर पाणी येतं. तोंडाला एकेरी झडप बसवा, पण तिच्यात वाळू आणि शिंपले अडकतात, म्हणून सफाईचा खर्च देखभालीत दाखवा.

वादळी लाट रस्त्यावरून पलीकडे जाते तेव्हा ती धरणाच्या सांडव्यासारखी उतारावर कोसळते आणि साईडपट्टी खालून पोखरते. डांबराचे तक्ते पोकळीवर लटकतात आणि मोडतात. आधी फुटते ती पाणी उतरतं ती कड, त्यामुळे दगडी अस्तर फक्त समुद्राच्या बाजूला देऊन भागत नाही.

कॅटरिना वादळाने २००५ मध्ये मिसिसिपीत यू.एस. ९० या महामार्गावरच्या पुलांचे गाळे (दोन खांबांमधले भाग) खांबांवरून उचलून टाकले. नवा पूल बांधताना गाळ्याचा तळ डिझाइनसाठी धरलेल्या लाटेच्या शेंड्याच्या वर ठेवा. खाऱ्या पाण्यातल्या सळयांना नुसता इपॉक्सीचा लेप पुरत नाही. फ्लोरिडा कीज या बेटांमधल्या पुलांवर काही वर्षांतच त्याखाली गंज सापडला होता. लाटांच्या तुषारपट्ट्यात स्टेनलेस किंवा काचतंतूची सळई वापरा.

दलदलीवरचा भराव बसत राहतो. मातीतलं पाणी बाहेर काढणारे उभे निचरापट्टे घाला, वर जादा मातीचा भार टाका आणि खचण्याचं माप थांबेपर्यंत फरसबंदी करू नका. इथे घाई केली की पुलाच्या तोंडाशी तो ओळखीचा धक्का बसतो.

परवाने, पैसा, क्रम

पाणथळ जमिनीत भराव असेल तर आर्मी कोअरचा (लष्कराच्या अभियंता दलाचा) स्वच्छ जल कायद्याच्या कलम ४०४ चा परवाना लागतो, नौकानयनाच्या पाण्यावर पूल असेल तर कोस्ट गार्डचा. अडथळा बेटांवरचा (किनाऱ्याला समांतर असलेल्या वाळूच्या लांबट बेटांवरचा) रस्ता असेल तर किनारी अडथळा संसाधनांच्या १९८२ च्या कायद्याचे नकाशे सगळ्यात आधी उघडा. त्या क्षेत्रात बहुतेक नव्या कामांना संघीय पैसा मिळत नाही.

खर्च बांधकामाच्या वर्षाच्या डॉलरमध्ये मांडा. आजचं ४ कोटींचं काम ४ टक्के वाढीने आठ वर्षांनी जवळपास साडेपाच कोटींचं होतं. स्थानिक विक्रीकरातून करायच्या, मतदारांपुढे ठेवलेल्या प्रकल्पांची यादी आजच्या दराने केली तर शेवटचे प्रकल्प पैशाअभावी गळतात, आणि मतदारांच्या ते पक्कं लक्षात राहतं. विजेचे खांब, जलवाहिन्या आणि केबल हलवायची वेळापत्रकं निविदेआधी हातात हवीत.

वादळाआधी लोकांना किनाऱ्यावरून हलवण्याचा विचार वेगळा करा. १९९९ मध्ये फ्लॉइड वादळाच्या वेळी दक्षिण कॅरोलिनात चार्ल्सटनहून कोलंबियाकडे जाणारा आय-२६ महामार्ग तासन्‌तास तुंबला होता. साईडपट्टी १० ते १२ फुटांची आणि गाडीचं वजन पेलणारी बांधली तर वादळात ती जादा लेन म्हणून चालते. पण वाटेतल्या प्रत्येक पुलावर ती तेवढीच रुंद आहे ना, हे आराखड्यात एकेक पूल धरून तपासा. एक अरुंद पूल मध्ये आला की सगळी लेन तिथेच संपते.